काकांना क्षमा मिळाली, मग आईच्या वाट्याला काय?

पत्राचा सारांश (पत्रलेखिकेचे नाव, गाव आणि मंडळीचे नाव गुप्त ठेवले आहे): चाळिशीतील एक ख्रिस्ती भगिनी लिहितात की, 18 वर्षांपूर्वी त्यांचे वडील वारले, तेव्हा महिन्याभराच्या आतच धाकट्या काकांनी ‘वारसनोंदीचे कागद आहेत’ असे सांगून त्यांच्या आणि आईच्या सह्या घेतल्या. ते हक्कसोडपत्र होते, हे घर आणि शेत काकांच्या नावावर चढल्यावर कळले. आईने वसतिगृहात स्वयंपाकाचे काम करून संसार ओढला. तेव्हा 15 वर्षांचा असलेला धाकटा भाऊ शाळा सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि 23व्या वर्षी महामार्गावरील अपघातात गेला. आता आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली आहे. काकांची दोन वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून ते उपासनेत उभे राहून साक्ष देतात की, आपण मोठे पापी होतो, पण प्रभूने सर्व क्षमा केली. घर आणि शेत मात्र त्यांच्याच नावावर आहे. येत्या निवडणुकीत त्यांना मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत घेऊन खजिनदार करण्याचे घाटत आहे. नातेवाईक म्हणतात, ‘देवाने माफ केले, मग तू कोण?’ पाळकसाहेबही क्षमा करण्याचा आग्रह धरतात. या भगिनी काही महिन्यांपासून प्रभुभोजन (उपासनेतील भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेत नाहीत. त्या विचारतात: ‘देवाने काकांना क्षमा केली, पण तसे करताना आम्हाला विचारले का? आईने कोणते पाप केले होते म्हणून तिला हे भोगावे लागले? आणि माझ्याने क्षमा होत नाही, तर मीच आता पापी ठरते का?’

प्रिय भगिनी,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुमच्या पत्रात राग आहे आणि त्याबद्दल तुम्ही दोन वेळा माफी मागितली आहे. ती मागण्याचे कारण नव्हते. 55व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता म्हणतो की, निंदा करणारा शत्रू असता तर ते मी सोसले असते, पण हा माझा सोबती होता, आम्ही दोघे मिळून देवाच्या मंदिरात जात होतो. घरच्या माणसाने केलेला घात आणि त्याच माणसाशेजारी बसून गायलेली गीते, या दोन्हींची एकत्र वेदना पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. तो राग शास्त्रातून कोणी खोडून टाकलेला नाही, उलट उपासनेत म्हणण्यासाठी आपल्या हाती दिला आहे.

तुमचा पहिला प्रश्न मी जसाच्या तसा घेतो, कारण त्यामागे एक समजूत आहे आणि ती तुमच्या मनात तुमच्या भोवतीच्या माणसांनी रुजवली आहे, असे मला वाटते. ती समजूत अशी की, देवाने काकांना क्षमा केली म्हणजे 18 वर्षांपूर्वी जे घडले ते देवाच्या लेखी संपले आणि आता त्याचा उल्लेख करणे हे देवाच्या निर्णयाविरुद्ध बोलणे आहे. मला हे सर्वस्वी चुकीचे वाटते. क्षमा मिळते ती पापाची, आणि पापाला पाप म्हटल्याशिवाय त्याची क्षमा होऊच शकत नाही. काकांची साक्ष तुम्ही जशी कळवली आहे, तीत ‘मी मोठा पापी होतो’ हे आहे, पण ‘मी माझ्या विधवा भावजयीला आणि पुतणीला फसवून सह्या घेतल्या’ हे नाही. पहिले वाक्य बोलायला सोपे आहे, कारण ते ऐकून मंडळी ‘आमेन’ म्हणते. दुसरे वाक्य ज्या दिवशी ते बोलतील, त्या दिवशी त्यांना कोणाचा आमेन मिळेल की नाही ते सांगता येत नाही, पण त्यांच्या पश्चात्तापाचा खरा आरंभ तिथे होईल.

यरीहोच्या जक्कय या जकातदाराची गोष्ट तुम्ही रविवारच्या शाळेत शिकला असाल. लहान मुलांना आपण त्याचे उंबराच्या झाडावर चढणे शिकवतो आणि मोठेपणी गोष्टीचा उरलेला भाग विसरतो. लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात येशू त्याच्या घरी उतरतो, आणि त्याआधी कोणतीही अट घालत नाही. लोक कुरकुर करतात की, हा पापी माणसाच्या घरी पाहुणा गेला. तुमची आजची कुरकुरही त्याच जातीची आहे आणि ती अगदी स्वाभाविक आहे, कारण त्या गर्दीत जक्कयाने लुबाडलेली माणसे असणारच. पण मग जक्कय उभा राहतो आणि सांगतो की, आपली अर्धी मालमत्ता तो गरिबांना देईल आणि ज्याला फसवून काही घेतले असेल त्याला चौपट परत करील. येशू त्यानंतर म्हणतो की, आज या घराला तारण प्राप्त झाले. दया आधी आली आणि फुकट आली, हे खरे आहे. परंतु ती त्या घरात शिरल्यावर हिशेबाच्या वह्या उघडल्या गेल्या. नियमशास्त्रातही, लेवीय या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात, ज्याने शेजाऱ्याला फसवून काही घेतले आहे त्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा मूळ मालकाला द्यायचा असतो, आणि तोही दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचे अर्पण, आणण्याच्याच दिवशी.

कोणी तुम्हाला येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या आणि शेवटच्या घटकेला क्षमा मिळालेल्या चोराचे उदाहरण देईल. त्याने काय परत केले होते, असे विचारील. त्याने काहीच परत केले नाही, कारण त्याला ते शक्य नव्हते. त्याचे हात खिळलेले होते आणि त्याच्याजवळ काही तासच उरले होते. तशा अवस्थेतही त्याने आपल्या अपराधाची कबुली उघडपणे दिली. काकांचे हात मोकळे आहेत.

तरीही एका ठिकाणी मी तुम्हाला थांबवणार आहे. काकांची साक्ष हे निव्वळ ढोंग आहे, असे तुम्ही ठामपणे लिहिता. मृत्यूच्या दारातून परतलेला माणूस खरोखर हादरलेला असू शकतो, त्याला देवाचे प्रेम खरोखर जाणवलेले असू शकते, आणि तरीही शेत परत करण्याच्या विचाराने, बायको-मुलांच्या विरोधाच्या भीतीने किंवा गावात होणाऱ्या बेअब्रूच्या धास्तीने तो अर्ध्या वाटेवर अडकलेला असू शकतो. अर्धवट पश्चात्ताप आणि खोटा पश्चात्ताप यांत फरक आहे. काकांच्या अंतःकरणात काय आहे, याचा न्याय तुम्ही किंवा मी करू शकत नाही. त्यांच्या कृतीचा न्याय मात्र करता येतो आणि केलाही पाहिजे. तुम्ही त्यांच्या मनाचा निवाडा देवावर सोपवलात, तर तुमच्याच खांद्यावरचे एक ओझे उतरेल.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, वाटा उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बापाने मेजवानी दिली म्हणून रुसून बाहेर राहिलेल्या थोरल्या भावाशी तुमची तुलना झाली, याचे तुम्हाला फार लागलेले दिसते. तुलना करणाऱ्यांनी तो दाखला नीट वाचला नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. धाकट्या मुलाने उधळला तो स्वतःचा वाटा, थोरल्याच्या वाट्याला त्याने हात लावला नव्हता. तुमचे तसे नाही, तुमचा वाटा घेतला गेला आहे. त्यातही बाप काय करतो ते पाहा. मेजवानी सोडून तो अंगणात येतो, रुसलेल्या मुलाची विनवणी करतो, आणि ‘माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे’ असे त्याला सांगतो. परत आलेल्याला मिठी मारणाऱ्या त्याच बापाचे पाय बाहेर उभ्या असलेल्याकडेही वळले. तो थोरला मुलगा शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलेच नाही. तुमचा देव तुम्हाला अंगणात एकटे सोडून आत जेवायला बसलेला नाही.

आता आईबद्दल. तिने कोणते पाप केले होते, या प्रश्नाला येशूने स्वतः उत्तर दिले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे मेली, ती यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे विचारून तो स्वतःच ‘नाही’ म्हणतो. जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारले की, पाप याचे की याच्या आईबापांचे, तेव्हाही त्याने दोन्ही नाकारले. निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाचे मित्र त्याला दुःखाची कारणे सांगत बसले आणि अखेरीस देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. म्हणून ‘ही देवाची योजना होती’ असे कोणी तुमच्या आईच्या उशाशी बसून म्हणू लागले, तर त्यांना आदराने थांबवण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तो कागद एका माणसाने तयार केला आणि एका माणसाने पुढे सरकवला. ते करणे त्याला टाळता आले असते. त्याचे खापर देवावर फोडून त्या माणसाला मोकळे करणे, ही देवाची भक्ती नव्हे.

इतके असूनही देवाने ते घडू का दिले, या प्रश्नाला माझ्याजवळ समाधान करणारे उत्तर नाही, आणि मंडळीच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात ते कोणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही. ख्रिस्ती विश्वास कारण सांगत नाही, तो वधस्तंभाकडे बोट दाखवतो, जिथे देवाचा पुत्रच ‘तू माझा त्याग का केलास’ असे 22व्या स्तोत्राच्या शब्दांत विचारतो. तिसऱ्या दिवशी तो उठला, तेव्हाही त्याच्या हातांवरचे वण नाहीसे झाले नव्हते, थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. पुनरुत्थानानेही ज्या खुणा पुसल्या नाहीत, तशा खुणा तुमच्या आईने आणि तुम्ही पुसून दाखवाव्यात, अशी मागणी कोणी करू नये.

भावाबद्दल एक गोष्ट फार जपून लिहितो. तुम्ही त्याच्या मृत्यूची संपूर्ण जबाबदारी काकांवर टाकली आहे. त्याची शाळा सुटली, याचा जाब काकांना विचारता येतो, कारण ते त्यांच्या फसवणुकीचे थेट फळ आहे. परंतु त्या रात्रीचा रस्ता, समोरून आलेले वाहन, मालकाने दिलेल्या सलग फेऱ्या, हे सारेही त्या मृत्यूत होते, असे तुमच्याच पत्रावरून दिसते. सर्व भार एकाच नावावर राहिला, तर उद्या काकांनी घर, शेत आणि चौपट भरपाई जरी दिली, तरी तुम्हाला ते अपुरेच वाटत राहील, कारण कोणतीही भरपाई भावाला परत आणणार नाही. त्याच्यासाठीचा शोक वेगळा करा. त्याला त्याची स्वतःची जागा द्या.

तुमचा तिसरा प्रश्न क्षमेचा. एकदा दुःखाच्या दिवसांत, घाईघाईने, कागद वाचू न देता तुमची सही घेतली गेली. आज क्षमाही त्याच रीतीने तुमच्याकडून घेतली जात आहे आणि तुमचे मन त्याला नकार देत असेल, तर त्या नकारात मला पाप दिसत नाही. येशूने क्षमेची आज्ञा दिली आहे, सात वेळा नव्हे तर सातांच्या सत्तर वेळा म्हटले आहे, आणि ती आज्ञा मी सौम्य करणार नाही. पण ‘क्षमा करा’ म्हणण्याचा अधिकार ज्याचा आहे, तोच क्षमेला लागणारा वेळही देतो.

भगिनी राणी मारिया यांचे उदाहरण आपल्या देशातले आणि आपल्या काळातले आहे. केरळमधल्या या धर्मभगिनी मध्य प्रदेशात इंदूरच्या परिसरात गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकारांच्या पाशातून सोडवण्याचे काम करत. 25 फेब्रुवारी 1995 रोजी समंदर सिंह नावाच्या माणसाने त्यांना बसमध्ये भोसकले आणि त्यांचा मृत्यू झाला. 2002 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीने, ज्या स्वतःही धर्मभगिनी आहेत, तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटावर राखी बांधली. राणी मारियांच्या आईनेही त्याला क्षमा केली. 2006 मध्ये सुटल्यावर तो केरळला त्यांच्या घरी गेला, आणि 2017 मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले तेव्हा तोही उपस्थित होता. ही गोष्ट प्रवचनांत सांगितली जाते तेव्हा राखीवर भर दिला जातो. मला त्यातल्या इतर गोष्टीही महत्त्वाच्या वाटतात. हत्या आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे गेली. क्षमा केली ती आईने आणि बहिणीने, कडेला उभे राहून सल्ला देणाऱ्यांनी नव्हे. आणि त्या काळात समंदर सिंह शिक्षा भोगत होता. ओडिशातल्या मनोहरपूर येथे 1999 च्या जानेवारीत मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले जाळून मारली गेली, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. खटला मात्र चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम ठेवली. क्षमेने न्यायालयाचे दार बंद होत नाही.

म्हणून क्षमा, विश्वास आणि पद या तिन्ही गोष्टी तुम्ही मनात वेगवेगळ्या ठेवा. काकांचे वाईट व्हावे ही इच्छा सोडून देणे, हा क्षमेचा आरंभ आहे. तो तुम्ही आज करू शकत असाल तर करा, नसाल तर ‘प्रभू, मला तशी इच्छा दे’ एवढेच म्हणा, तेही प्रार्थनाच आहे. त्यांच्यावर पुन्हा विश्वास टाकणे हे त्यांच्या वागण्यावर अवलंबून राहील. मंडळीच्या पैशांची जबाबदारी ही तर सर्वस्वी निराळी बाब आहे. पहिल्या तीमथ्याच्या 3ऱ्या अध्यायात अध्यक्ष होणारा माणूस द्रव्यलोभी नसावा, नवशिका नसावा, आणि बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे, असे सांगितले आहे. त्या विचाराने पाहिले, तर ज्यांच्या ताब्यात विधवेची जमीन आहे त्यांना आज खजिनदार करणे मंडळीच्या हिताचे नाही आणि काकांच्या आत्म्याच्याही हिताचे नाही. पाळकसाहेबांना एकांतात भेटा, सोबत एखादे जाणते माणूस न्या, आणि घडलेली हकिगत तारखांसह एका पानावर लिहून द्या. विशेषणे टाळा, कागदपत्रांच्या प्रती जोडा. मत्तयाच्या 5व्या अध्यायातील, वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याचे वचन त्यांनी तुम्हाला ऐकवले असेल, तर ते वचन ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला उद्देशून आहे, हे नम्रपणे त्यांच्या लक्षात आणून द्या. पहिले पाऊल काकांनी टाकायचे आहे.

काकांनाही पत्र लिहा. मत्तयाच्या 18व्या अध्यायातला क्रम आधी एकांतात, मग एक-दोन जणांसह आणि मग मंडळीसमोर असा आहे. तुमच्या बाबतीत पत्र हाच बरा एकांत ठरेल. त्यात काय घडले, त्याने तुमच्या घराचे काय झाले आणि आता काय परत हवे आहे, हे स्पष्ट असू द्या. क्षमेचे आश्वासन देऊन जमीन मागू नका आणि जमिनीच्या बदल्यात क्षमा विकत असल्यासारखेही लिहू नका. त्यांच्या हृदयविकाराचे कारण सांगून कोणी तुम्हाला गप्प करू पाहील. पत्र शांत भाषेत असेल तर तुम्ही त्या भीतीने थांबू नये.

न्यायालयात जावे का, असे तुम्ही शेवटी कचरत विचारले आहे, कारण विश्वासणाऱ्यांनी आपसांतले वाद बाहेरच्या न्यायालयात नेऊ नयेत, असे सांगणाऱ्या पहिल्या करिंथकरांच्या 6व्या अध्यायाचा हवाला तुम्हाला दिला गेला. त्याच उताऱ्यात प्रेषित पौल पुढे, तुम्ही आपल्या भावांनाच नाडता, असे फसवणाऱ्यांना सुनावतो. मंडळीने आपसांतला न्याय स्वतः करावा, हा त्याचा आग्रह होता. मंडळी तो करतच नसेल, तर फसवलेल्या माणसाला गप्प बसवण्यासाठी ते वचन वापरता येणार नाही. स्वतःवर अन्याय होतो आहे असे दिसल्यावर पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली, हेही प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेले आहे. कायद्याने दावा करण्याला मुदतीची मर्यादा असते आणि 18 वर्षे हा मोठा काळ आहे, त्यामुळे खोटी आशा मी देणार नाही. मात्र तेव्हा भाऊ अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता, हा मुद्दा वकिलासमोर आवर्जून मांडा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. दावा मुदतीबाहेर गेला असला, तरी काका स्वेच्छेने नोंदणीकृत दस्त करून देऊ शकतात, त्याला कोणतीही मुदत आडवी येत नाही.

हे सारे करण्याआधी आईजवळ बसा. ‘सोडून दे’ असे ती म्हणते, याचा अर्थ तिने क्षमा केली आहे, की ती थकली आहे, की तुम्हीही या झगड्यात संपून जाल अशी तिला भीती वाटते, हे तुम्ही तिला विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. तिच्या नावाने लढायचे असेल, तर तिचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे.

अशाच प्रसंगातून जाणाऱ्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट निक्षून सांगतो. जिथे मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा लहान मुलांशी दुर्वर्तन झाले असेल, तिथे अपराध्याला एकांतात भेटण्याचा हा सल्ला मुळीच लागू करू नये. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि मंडळीत झालेली कोणतीही तडजोड त्याची जागा घेऊ शकत नाही.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. काका त्या भाकरीला हात लावतात म्हणून तुम्ही मागे राहता, हे मला समजते, आणि तरीही तुम्ही परत यावे असे मी मनापासून सुचवतो. तो मेज काकांचा नाही आणि पंच कमिटीचाही नाही. यहूदा या शिष्याने घात करायचे ठरवलेले असतानाही, शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने इतर अकरा जणांना भाकर नाकारली नाही. त्याच उपासनेत बसणे सध्या असह्य होत असेल, तर काही काळ शेजारच्या गावातल्या मंडळीत जा, तिथल्या पाळकांना थोडक्यात कल्पना द्या आणि तिथे प्रभुभोजन घ्या. आईसाठी तिच्या अंथरुणाजवळ प्रभुभोजन आणण्याची विनंतीही त्यांना करता येईल. काकांनी पत्राला नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर पुढे काय करायचे ते आईशी आणि वकिलाशी बोलून ठरवा. पाळकसाहेबांना द्यायचे पान मात्र त्या उत्तराची वाट पाहत ठेवू नका, ते निवडणुकीच्या आधी पोचले पाहिजे.